घरटी एक माणूस

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा मुंबईत एका छोट्या छापखान्यात मशीन चालवायचे. संपाची, मोर्च्याची, पाणीप्रश्नाची पत्रकं छापून झाली की खराब निघालेले ताव ते घरी आणायचे. कुठे शाई फुटलेली असायची, कुठे कागद तिरका कापलेला. कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि छापील बाजूवर मला अक्षरं कळली. घरात ताटल्या कमी होत्या, म्हणून त्याच कागदांवर भाकरी वाढली जायची. ‘निषेध’ हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यावर पिठाचे कण होते आणि तो मला बराच काळ खाण्याचाच काही प्रकार वाटत होता. बाबांनी माझं नाव क्रांती ठेवलं. आईला माधुरी ठेवायचं होतं. तिला कुणी विचारलं नाही, आणि हे कुठल्याही पत्रकात आलं नाही.

तिशीत माणसाने आत्मकथन लिहू नये, असं मला एका वडीलधाऱ्या लेखकाने सांगितलं. बरोबर असेल. पण सोळाव्या वर्षातले ते थोडे दिवस मी सांगून टाकले नाहीत, तर मी पुढे जे काही लिहीन ते खोटं होईल, अशी मला भीती वाटते.

आमची वस्ती नाल्याकाठी होती. ती दोनदा तुटली. पहिल्यांदा तुटली तेव्हा एक ठेकेदार आला आणि म्हणाला, सगळ्यांनी मिळून मलबा उचला, श्रमदान करा, मग इथेच पक्की घरं मिळतील. आम्ही आमच्याच भिंतींचे तुकडे आठ दिवस डोक्यावरून वाहिले. आईच्या चुलीचा दगड मीच टाकून आले. जागा साफ झाली आणि तिला पत्रे ठोकले गेले. आम्ही पत्र्यांच्या बाहेर राहिलो. त्या दिवसापासून श्रमदान हा शब्द बाबांसमोर कुणी काढायचा नाही. बिनपगारी कामाला गोड नाव दिलं की समजायचं, कुणीतरी फसवतंय, असं ते म्हणायचे. पुढे जे झालं ते समजून घ्यायचं तर हे लक्षात ठेवायला हवं. बाबा हट्टी होते, मूर्ख नव्हते.

दुसऱ्यांदा वस्ती तुटली तेव्हा अलिबागच्या एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो. त्यांच्या घराण्याची नारळी-पोफळीची वाडी होती आणि खाडीकाठी खारवडली गावात अकरा एकर खारी जमीन पडीक होती. मुंबईत बेघर झालेल्या कुटुंबांनी तिथे यावं, रासायनिक खत न घालता शेती करावी आणि स्वतःच्या अन्नावर उभं राहावं, असा त्यांचा विचार होता. विचार चांगला होता, आजही चांगलाच आहे. अट एकच होती. दोन पावसाळ्यांत पीक उभं राहिलं तर जमिनीचा कागद आमच्या पाच कुटुंबांच्या नावे होणार. नाही राहिलं तर जमीन बाईंच्या भावांकडे परत, आणि भावांना तिथे शनिवार-रविवारचे बंगले बांधणाऱ्यांचे फोन येतच होते.

तिथे आम्ही बांबू आणि पत्र्यांची एक लांब पडवी उभारली आणि पाच घरांच्या मध्ये जुन्या जाहिरातींचे फ्लेक्स दुमडून टांगले. आमच्या बाजूला एका हसऱ्या माणसाचा अर्धा चेहरा होता, दुसरा अर्धा शकीलचाचांच्या बाजूला. शकीलचाचा वस्तीतले शिंपी. शिलाई मशीन डोक्यावर घेऊन होडीत चढले होते. त्यांची बायको नसीमाचाची आणि माझी आई एकाच चुलीवर स्वयंपाक करायच्या. सकाळी तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, आणि कधी गावातल्या कुणी दिलेलं वालाचं बिरडं. भाकरी थापायला दोघींनाही तिथेच शिकावं लागलं. ज्वारीची सवय असलेल्या आईच्या हातात तांदळाचं पीठ फाटायचं आणि चाची म्हणायची, “भाभी, ही रोटी आहे की हिंदुस्तानचा नकाशा?”

त्या घराचा आवाज मला अजून ऐकू येतो. आमच्या शेताच्या बाहेर खाडीच्या अंगाला मातीचा मोठा बांध होता. बांधात एके ठिकाणी लाकडी झडप होती, तिला उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी रेटा देऊन ती झडप उघडायचं आणि बाहेर जायचं. भरती आली की खाडीचं पाणी तिला बाहेरून दाबून बंद करायचं. बंद होताना आवाज यायचा, ठप्प. दिवसातून दोनदा. कुणी तिला हात लावत नव्हतं. पहिल्या आठवड्यात आम्ही दचकायचो, मग त्या आवाजावर आई चहा ठेवायला लागली.

पहिल्या वर्षीचं पीक गेलं. बाबांनी एका शिबिरातून देशी बियाणं आणलं होतं, घाटावरच्या लाल मातीचं. आमच्या जमिनीत ते वीतभर वाढलं आणि टोकाकडून तांबडं होऊन बसलं. शेणा-गोमूत्राचं जीवामृत आम्ही पिंपं भरभरून घातलं. सगळं पुस्तकातल्यासारखं केलं, फक्त पुस्तक दुसऱ्या जमिनीचं होतं. तेव्हा बांधावर पहिल्यांदा धर्मातात्या येऊन उभे राहिले. सत्तरीचे, कमरेला पंचा, हातात कोयता. गावातल्या आगरी घरांपैकी सगळ्यात जुन्या घरातले. थोडा वेळ आमच्या शेताकडे बघून म्हणाले, “मास्तर, ह्यो भात डोंगरावरचा हाय. त्येला मीठ बाधतं.”

“मी मास्तर नाही,” बाबा म्हणाले. “कामगार आहे.”

“मंग कामगारासारखा इचारायचा व्हता.” ते हसले. दुसऱ्या दिवशी सुनेच्या डोक्यावर बियाण्याची पाटी पाठवून दिली. राता, म्हणजे खाऱ्या जमिनीत येणारा लाल भात. मोबदला विचारला तर म्हणाले, पीक आलं की तेवढंच बी परत दे. माझं नाव विचारलं आणि ऐकून विचारात पडले. “किरांती. बरा हाय. पावसाळ्यातल्या रोगासारखा वाटतो, पन बरा हाय.”

दुसऱ्या वर्षी रोपं धरली. आषाढात लावणी झाली तेव्हा पाचही घरांतली माणसं चिखलात ओणवी होती. लावणी संपली त्या दुपारी चाचीने खिचडा केला, बांधावर बसून आम्ही तो केळीच्या पानावर खाल्ला. समोर अकरा एकर हिरवं होतं. आईने पत्र्याच्या फटीत खोचलेलं मुंबईचं रेशनकार्ड काढलं आणि पेटीच्या तळाशी नेऊन ठेवलं. मला वाटतं तिने त्या दिवशी पहिल्यांदा ठरवलं की आपण इथले.

मग चार दिवसांनी तात्यांची हाक आली.

बांधाला खेकड्यांची बिळं पडतात. बिळातून पाणी झिरपतं, माती सुटते आणि एक दिवस खांड पडते, म्हणजे बांध फुटून वाट होते. उघाडीपासून थोड्या अंतरावर अशी खांड पडायला लागली होती. तेव्हा ती जेमतेम बैलगाडी जाईल एवढी होती आणि तिचा तळ अजून उंच होता, त्यामुळे साध्या भरतीचं पाणी आत येत नव्हतं. पण अवसेचं उधाण आलं असतं तर आलं असतं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भरती लंगडी असते, पाणी फार चढत नाही. तिथे त्याला भांग म्हणतात. खांड बांधायची ती त्या दोन-तीन दिवसांतच. गावाची रीत अशी की बांधाच्या आत ज्याची जमीन त्याने घरटी एक माणूस द्यायचं. भाकरी आपली, घमेलं आपलं. पगार नाही. तात्या पत्र्याचा डबा बडवत गल्लीतून फिरायचे आणि प्रत्येक घराचं नाव घेऊन ओरडायचे. आमच्या पडवीपाशी येऊन त्यांनी पाचही घरांची नावं घेतली. “कामगाराच्या घरचा एक मानूस. शकीलशेटच्या घरचा एक मानूस.” गावाने आमचं नाव पहिल्यांदाच असं घेतलं होतं. तो मान होता, हे आम्हाला कळलं नाही.

बाबांनी विचारलं, “पगार काय?”

तात्यांना आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, “पगार कसला? बांध हाय.”

“बांध कुणाच्या मालकीचा?”

“सरकारच्या दप्तरात हाय.”

“मग सरकारने बांधायचा. माणसं लावायची, मजुरी द्यायची. फुकट राबवून घेण्याला आमच्याकडे वेगळं नाव आहे, तात्या.”

तात्या डबा काखेत घेऊन उभे राहिले. “सरकार येतं,” ते म्हणाले. “खांड पडली की फोटो काढाया येतं.” आणि पुढच्या घराकडे गेले.

त्या दिवशी पडवीत वाद झाला. आई म्हणाली, “पण आतमध्ये आपलंच शेत आहे ना?”

“तिथे आपलंच घर होतं ना?” बाबा म्हणाले. “मलबा कुणी उचलला?”

शकीलचाचा बिडी पेटवता पेटवता म्हणाले, “कॉम्रेड बोलतो ते राइट आहे. मी एकदा फुकटमध्ये उचललाय. आपली मान अजून वाकडी आहे.” मान वाकडी करून त्यांनी दाखवली आणि सगळे हसले. आई हसली नाही.

बाबांनी अर्ज लिहायचं ठरवलं. अलिबागच्या कार्यालयात जाऊन बसायचं, पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. आणि मी, घरातली शिकलेली मुलगी, पत्रक लिहायला बसले. मथळा मला लगेच सुचला: ‘बांध सरकारचा, घाम आमचा का?’ खाली लिहिलं, बिनपगारी काम म्हणजे वेठबिगार. एकदा फुकट राबलात की जन्मभर राबाल. घमेलं खाली ठेवा, हक्क मागा. स्केचपेनने पंधरा प्रती काढल्या, भाताची खळ केली आणि मारुतीच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर, रेशन दुकानावर, एसटीच्या थांब्यावर चिकटवल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मी दुसऱ्याचं पत्रक वाचत नव्हते.

थांब्यापाशी तात्या भेटले. भिंतीकडे बघत म्हणाले, “चष्मा न्हाय आनला. वाच गो, किरांती.”

मी वाचलं. मोठ्याने, जोर देऊन, जिथे थांबायचं तिथे थांबून. त्यांनी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं. “ब्येस लिवलंय,” म्हणाले. “खोटा कायच न्हाय त्यात.” मग म्हणाले, “पन भांग कवा हाय, तं न्हाय लिवलेला. अष्टमीपासून तीन दिस. त्यापरीस जास्त ती थांबत न्हाय. तेवढा घाल त्यात.”

मी घातलं नाही. मला ते विषयाला सोडून वाटलं.

इतकी वर्षं मी लिहिते आहे. माझ्या लेखांवर चर्चा झाल्या, एकदोनदा धमक्याही आल्या. पण माझ्या शब्दाने कुणी काही केलं किंवा करायचं थांबलं, असं खात्रीने मी एकाच लिखाणाबद्दल सांगू शकते. ते हे पत्रक. गावातली तरुण मुलं कंपन्यांत कंत्राटी कामाला जायची. त्यांना एक दिवस सुट्टी घेऊन चिखलात उतरायचं जिवावर यायचंच, आता त्यांच्या हातात कारण आलं. “मुंबईच्या पोरीने बरोबर लिवलंय” असं म्हणत ती मोटारसायकलला किक मारून निघून गेली. अशा वेळी जिथे शंभरावर माणसं साखळी करून उभी राहायची, तिथे त्या अष्टमीला जेमतेम वीस आली. सगळी म्हातारी, आणि बायका.

नवमीला मी शाळेतून येताना बांधाकडे पाहिलं. साखळीत एक निळं पातळ होतं. आईचं निळं पातळ मी कुठूनही ओळखते. ती चिखलाचा गोळा एका हाताने पोटाशी धरून दुसऱ्या हाताने पुढच्या बाईकडे सरकवत होती, जणू तान्हं मूल देते आहे. मी घरी जाऊन वाट पाहत बसले. ती आली तेव्हा कोपरापर्यंत चिखलाने राखाडी झाली होती. बाबा अलिबागला होते. मी तिला म्हणाले, “तू फितूर आहेस.”

तिने बादलीत हात बुडवले. बराच वेळ धूत राहिली. मग म्हणाली, “जवळा संपलाय. आज नुसती पेज आहे. बस.”

आम्ही दोघी जेवलो. तो शब्द परत घ्यायचं माझ्याकडून राहूनच गेलं. ती चार वर्षांपूर्वी गेली. फितूर हा शब्द मी त्यानंतर कुठल्याच लेखात वापरलेला नाही, पण याचा तिला काही उपयोग नाही.

वीस माणसांनी खांड बुजवायचा प्रयत्न केला. दोन तृतीयांश बुजली. तिसऱ्या दिवशी पाणी चढायला लागलं आणि कच्चा चिखल बसायच्या आधीच भरतीने चाटून नेला. तात्यांनी गावातून युरियाच्या रिकाम्या गोण्या गोळा करून त्यात माती भरून रचल्या. आमच्याकडेही मागायला आले. आमच्या पाच घरांत एकही गोण नव्हती. खताचं पोतं दारात येऊ द्यायचं नाही, अशी बाबांची शपथ होती आणि मला तिचा अभिमान होता.

अवसेला दुपारी उधाण आलं. आकाश उघडलेलं होतं, वारा नव्हता. समुद्र येतो म्हणजे गर्जत येतो, असं मला वाटायचं. तसं काही झालं नाही. आम्ही जेवत होतो आणि आई एकदम म्हणाली, “आवाज आला नाही.” उघाडी वाजली नव्हती. आम्ही बाहेर आलो. शेतातल्या चरातलं पाणी उलटं चाललं होतं, बाहेरून आत. गुपचूप. वर फेस होता आणि गवताच्या काड्या तरंगत होत्या, त्यावर छोटे लाल खेकडे बसून आमच्याकडे येत होते. झडप बंद व्हायला दोन्हीकडच्या पाण्यात फरक लागतो. तो राहिला नव्हता. खाडी खांडीतून थेट आत आली होती.

आम्ही धावलो. चाचीने घरातल्या उशा आणल्या, त्यांचा कापूस काढून त्यात चिखल भरायला लागली. शकीलचाचांनी शिवायला घेतलेलं गणवेशांचं कापड, कुणीतरी टाकून दिलेलं तुटकं जाळं, फ्लेक्स, सगळं ओढून आणलं. त्या हसऱ्या माणसाचा चेहरा आम्ही खांडीत कोंबला. पाण्याने तो अलगद उचलला आणि शेतात नेऊन पसरला. तात्या खांडीच्या पलीकडच्या अंगाला होते. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ते ओरडत होते, “मागं व्हा. पोरी, मागं. आता त्यात मानूस टाकलास तरी बुजनार न्हाय.” रोपांची टोकं थोडा वेळ पाण्यावर दिसत होती. मग ती दिसेनाशी झाली. चाची उशीचा अभ्रा कवटाळून बांधावर बसली आणि एकाच सुरात म्हणत राहिली, “अब किधर जाना, भाभी. अब किधर जाना.”

बाबा तेव्हाच परतले. एसटीतून उतरून चालत आले. गुडघाभर पाण्यात येऊन थांबले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद होता. त्यांनी आधी शेताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “पोच मिळाली,” ते म्हणाले. “आवकचा शिक्का आहे.” पिशवी भिजू नये म्हणून त्यांनी हात उंच धरला होता. त्यांचा तो हात मला आठवतो तेव्हा मला आजही कार्यालयातल्या त्या माणसांचा संताप येतो, ज्यांनी आठवडाभर त्यांना बाकावर बसवून ठेवलं. बांध सरकारनेच बांधायला हवा होता. माझ्या पत्रकातला तो मथळा मी आजही मागे घेणार नाही. पण तो मथळा खरा होता आणि शेत बुडालं, या दोन्ही गोष्टी एकाच दुपारी घडल्या, आणि मला त्यांतली एकच लिहिता येत होती.

पाणी ओहोटीला थोडं उतरलं आणि रात्री पुन्हा आलं. दर भरतीला खांड रुंदावत गेली. मधूनच ऊन पडलं की उघड्या ढेकळांवर पांढरी खपली धरायची. रोपं आधी तांबूस, मग काळी झाली. बाई अलिबागहून आल्या, बांधावर छत्री धरून उभ्या राहिल्या आणि रडल्या. “मी भावांना काय सांगू?” एवढंच म्हणाल्या. आम्हाला कळलं. दोन कुटुंबं लगेच गेली. शकीलचाचा जाताना मशीन डोक्यावर घेऊन दारात थांबले. बाबा मान वर करेनात. “कॉम्रेड,” चाचा म्हणाले, “तू गलत नाही बोलला. मी पण हो बोललो ना? माझी मान वाकडी आहे, जबान नाही.” हसवायचा तो शेवटचा प्रयत्न होता. चाची आईच्या गळ्यात पडली नाही. आईने तिला चुलीजवळची उलथणी दिली आणि तिने ती पदराखाली धरली. दोघं कुर्ल्याला चाचांच्या भावाच्या खोलीत पोटमाळ्यावर राहणार होते. चौथं कुटुंब त्यांच्याच होडीने गेलं. पत्र्याच्या लांब पडवीत आम्ही तिघं उरलो. कुठे जायचं, तेच ठाऊक नव्हतं म्हणून उरलो.

आठ दिवसांनी पुन्हा भांग आली. सकाळी तात्यांचा डबा ऐकू आला. खांड आता होडी जाईल एवढी झाली होती, ती बुजणार नव्हती. गावाने ठरवलं होतं की मागचा जुना बांध, जो झिजून नुसती पायवाट राहिला होता, तो उचलायचा. पौर्णिमेच्या उधाणाआधी तो कमरेएवढा झाला तर गावाची उरलेली शेती वाचणार होती. आमची अकरा एकर त्या बांधाच्या बाहेर जाणार होती, कायमची, खाडीत. डबा जवळ आला. “म्हात्र्यांच्या घरचा एक मानूस. ठाकरांच्या घरचा एक मानूस.” आमच्या पडवीपाशी तो आवाज थांबला नाही. तात्या समोरून गेले. त्यांनी आत पाहिलंही नाही. रागाने नव्हे. हाक ज्याची जमीन आत त्याला असते, आणि आम्ही आता आत नव्हतो. एवढं मोठं काही आम्हाला त्या वर्षात कुणी ऐकवलं नव्हतं.

आई उठली. तिने तीन भाकऱ्या फडक्यात बांधल्या, घमेलं घेतलं आणि निघाली. मी तिच्या मागे गेले. काय म्हणून गेले, ते सांगता येणार नाही. विचार करून गेले असते तर गेलेच नसते.

माती बाहेरच्या अंगाने खणायची होती, कारण आतल्या बाजूला लावणी जिवंत होती. बाहेरचं अंग म्हणजे आमचं शेत. आम्ही आमच्याच बांधलेल्या वाफ्यांत उतरलो. कुदळ मारली की काळ्या रोपांसकट ढेकूळ निघायचं, मुळांना अजून बारीक पांढरे तंतू होते. मी ते आईकडे द्यायची, आई पुढे. कुणी आम्हाला या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. शेजारच्या बाईने फक्त पाय सरकवून साखळीत जागा केली. त्या दिवशी मोटारसायकलवाली मुलंही आली होती. त्यांतला एक माझ्याकडे बघायचं टाळत होता. मीही.

दुपारी भाकरी खायला बसलो तेव्हा तात्या जवळ आले. म्हणाले, “तुमची जमीन भाएर जाते. तुमी नसता आले तरी चाललं असतं.”

आईने भाकरीचा तुकडा त्यांच्या पुढे धरला. “फाटते अजून,” ती म्हणाली. “शिकते आहे.”

त्यांनी तो घेतला आणि उभ्यानेच खाल्ला.

उन्हं कलती झाली तेव्हा बाबा येताना दिसले. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला होता. माझ्या हातातली कुदळ घेतली आणि खणायला लागले, छापखान्यातल्यासारखे, एका लयीत, मान वर न करता. एकदा एक ढेकूळ उचलताना थांबले. त्यात पूर्ण रोप होतं, काळं, पण उभं. ते त्यांनी जरा वेळ हातात धरलं. मग दिलं.

बांध कमरेएवढा झाला. भरती लागायला सुरुवात झाली होती, आमच्या घोट्यांभोवती पाणी फिरायला लागलं. सगळी माणसं एकेक करून आतल्या बाजूला उतरली आणि आम्ही तिघं बाहेर, आमच्या शेतात, उरलो. बाबांनी शेवटचं घमेलं वर दिलं. तात्यांनी ते ओतलं, हाताने थापलं, गुळगुळीत केलं. मग गुडघे टेकून बांधावर बसले आणि आधी आईला, मग मला हात देऊन वर ओढून घेतलं. बाबांकडे त्यांनी हात केला तेव्हा बाबा मागे वळून पाण्याकडे पाहत होते.

“कामगार,” तात्या म्हणाले, “चला. पानी चढतंय.”